घाईचा हात

रविवार, ३ मार्च

प्रिय घाईताई,

‘तीर्थरूप’ लिहिलं की तू मला म्हातारा म्हणून चिडवतेस, म्हणून नेहमीचंच नाव. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि ही बातमी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत, सावकाश, फुशारकी मारत सांगायची आहे. तेव्हा चहा घेऊन बस.

आधी घरचं. आम्ही सगळे बरे आहोत. बाबांचा डावा कान आता नावालाच उरलाय, उजव्यात ओरडलं तर ऐकू येतं. हात थरथरतो, पण घास अजून स्वतःच्या हातानेच घेतात. तुझी भावजय मजेत आहे, फक्त गेले तीन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलते. कारण पुढे येईलच. भावोजींचा गुडघा कसा आहे? बायको औषधाच्या दुकानात कामाला, आणि नवरा दुखणं अंगावर काढतो, कमाल आहे.

आता बातमी. बाबांच्या मोटरसायकलचा कार्बोरेटर मी दुरुस्त केला. मी! शिंप्याने! घरी, इस्त्रीच्या टेबलावर.

झालं असं की गाडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभीच होती. गॅरेज बंद करताना बाबांनी तिचा कार्बोरेटर एका अडलेल्या गिऱ्हाइकाला काढून दिला होता, तो दिलाच. मध्यंतरी एकदा जेवताना बाबा म्हणाले, “हा कान जायच्या आत तिचा आवाज एकदा ऐकायला हवा होता.” दुसऱ्याच दिवशी मी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावून आणलं. त्याने ताडपत्रीचं एक टोक उचललं, पुन्हा सोडलं आणि म्हणाला, “काका, हिचा कार्बोरेटर आता कुठे मिळणार? भंगारात घाला.” वर जाता जाता मला विचारतो, “माझी पॅन्ट झाली का?” माझी सटकलीच. म्हटलं, तुझी पॅन्ट राहू दे, आता आधी हे.

जुन्या सामानाच्या बाजारात चार सुट्ट्या घातल्या. शेवटी एका दुकानात, गंजक्या बिजागऱ्यांच्या बादलीत, तळाशी तो सापडला. तोच मेक, तोच आकार. दुकानदार म्हणाला, “एकदम चालू कंडिशन.” चालू कंडिशनमधली वस्तू बादलीच्या तळाशी काय करते, हे मी विचारलं नाही. तोंडावर आनंद न दाखवता बाहेर पडलो आणि कोपरा वळल्यावर चक्क पळत सुटलो.

घरी आणून पाहिलं तर बाहेरून पांढरट हिरवी साय धरलेली आणि आत जुनं पेट्रोल सुकून डिंकासारखं चिकटलेलं. खालची वाटी, जिच्यात पेट्रोल साठतं ती, चार स्क्रूंवर असते हे तुला मी काय सांगणार! तीन निघाले. चौथ्यापाशी घोडं अडलं. शिवणयंत्राचं तेल सोडून दोन दिवस ठेवला, तरी ढिम्म. बाबा दारात खुर्ची टाकून सगळं बघत होते. त्यांना न राहवून म्हणाले, “पिळू नको. वरून हळूच ठोक. मग फिरव.” ठोकला, फिरवला, आला! बाबांनी मान हलवली. ताई, एकावन्न वर्षांच्या माणसाला बापाने मान हलवल्यावर एवढा आनंद व्हावा का? झाला खरा.

मग आतला, पेट्रोलवर तरंगणारा पितळी फ्लोट. गरम पाण्यात बुडवला तर एका कडेने बुडबुडे. म्हणजे बारीक भोक. पुढच्या गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून डाख मारून आणला, पुन्हा बुडवला, एक बुडबुडा नाही. आणि ज्याचा मला खरा माज आहे ते पुढेच आहे. वाटीचं गॅस्केट कुठेच मिळेना. मी काय केलं? वाटीच्या काठावर कागद धरला, वरून शिवणाचा खडू घासला, काठाचा ठसा उतरला, आणि जाड गॅस्केट पेपरावर तो मांडून कॉलर कापावी तसं कापलं. भोकं पाडली ती काजाच्या पोगराने. बसवलं तर असं बसलं की दोन तास उलटं धरून ठेवलं तरी थेंब गळला नाही. मेकॅनिक लोकांना हे जमेल का? अजिबात नाही. त्याला शिंपीच हवा!

मधल्या काळात एका साहेबांच्या कोटाला रॉकेलचा वास लागला आणि ते दारात उभे राहून तुझ्या भावजयीला वाटेल ते बोलून गेले. तिच्या अबोल्याचं कारण हे. तो कोट मी दोनदा धुऊन दिला, पण तिचं म्हणणं, शिवणाच्या टेबलावर इंजिनाचं काम म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

जेट, ते पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे, मात्र मी कशानेही टोकरले नाहीत. दिवसभर रॉकेलात ठेवले आणि सायकलवाल्याचा पंप आणून हवा मारली. फक्त हवा. ते मला चांगलं पाठ आहे.

परवा गाडीवर चढवला. बाबा उजवा कान पुढे करून बसले. पहिल्या किकला काही नाही, दुसरीला नाही, पाचवीला एक खोकला, आणि सहाव्या किकला सुरू! सगळी शेड हादरली. तुझी भावजय धावत बाहेर आली आणि अबोला विसरून “अगंबाई!” म्हणाली. मी वेड्यासारखा हसत होतो.

पण मिनिटभरात मागून काळा धूर. साधासुधा नाही, ओली चूल पेटल्यासारखा. रेस दिली की वाढायचा. बंद करून प्लग काढला तर काजळीने माखलेला. तू सांग, काय असेल? माझ्या भिंगातून मोठ्या जेटचं भोक जरासं लांबट दिसतंय. आधीच्या मालकाने काही घातलं असेल का त्यात? समज, शिवणाची सुई घातली, तर एवढ्याशा सुईने असं होऊ शकतं का गं? सुई ती केवढी!

त्या धुराबद्दल आणखी थोडं लिहायचं होतं, पण पान संपत आलं.

एकदा येऊन बघ ना. बाबांच्या गॅरेजचं मी शिवणाचं दुकान केलं त्यालाही आता जमाना झाला, पण तू अजून त्याचा उंबरा ओलांडत नाहीस, आलीस की चहासुद्धा बाहेरच्या बाकावर पितेस. बाबांनी तुला गॅरेजमधून बाहेर काढलं त्याला एकतीस वर्षं झाली. आता तिथे ग्रीसचा डागदेखील उरलेला नाही. ये.

तुझा,
धाकटा (आता मेकॅनिकसुद्धा)


शुक्रवार, २२ मार्च

ताई,

या वेळी वर नुसतं ‘ताई’ लिहिलंय. ते चुकून नाही.

तुझं पत्र मिळालं. सहा पानं! एरवी तुझ्या पत्रात “आम्ही मजेत, तुम्ही कसे” याच्या पुढे मजल जात नाही. या वेळी जेटचं चित्र, हवा कुठून येते त्याचे बाण, समासातसुद्धा सूचना. “जेट मऊ पितळेचा, सुई पोलादाची. आत घालून एकदा फिरवली की संपलं. भोक केसाएवढं वाढलं तरी इंजिन पेट्रोल ढोसतं आणि काळं ओकतं. नवा जेट घाल, कपाळावरचा नंबर बघून घे. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, मग दीड फेरा बाहेर, पुढचं कानाने.” तुझी भावजय वाचून म्हणाली, “अहो, ताईंना हे सगळं अजून पाठ आहे?” एकतीस वर्षांत ज्या बाईने पान्हा हातात धरलेला नाही, तिला. मला तुझा इतका अभिमान वाटला की ते पान मी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला नेऊन दाखवलं. तो दोनदा वाचून म्हणाला, “हे कुठले मिस्त्री?” मी म्हटलं, “माझी बहीण.”

तुझं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. त्याच नंबरचा नवा जेट मिळाला, बसवला, दीड फेरा मोजला. दुसऱ्या किकला सुरू. धूर नाही, खोकणं नाही. नुसती उभी असताना इतकी शांत चालत होती की सीटवर ठेवलेला माझा चष्मा जागचा हलला नाही. बाबांनी टाकीवर पंजा ठेवला आणि डोळे मिटून बसून राहिले. “झकास,” म्हणाले. फक्त तेवढंच, पण मला उद्देशून. मी अख्ख्या गल्लीला चहा पाजायचा बाकी ठेवलाय.

आणि हे सगळं तुला आनंदाने लिहिताना माझी नजर तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीकडे जाते. “त्या आधीच्या मालकाला नावं ठेवू नकोस, त्याचाही माझ्यासारखाच घाईचा हात असेल.” वर हसणारा चेहरा काढलायस.

ताई, सुई मी घातली होती.

या कार्बोरेटरमध्ये नाही. त्या मास्तरांच्या गाडीच्या.

तुला सगळं आठवत असेलच, पण माझ्या बाजूने तू ते कधी ऐकलेलं नाहीस. तो तू एकटीने खोललेला पहिला कार्बोरेटर. बाबांनी मुद्दाम पूर्ण काम तुझ्यावर सोपवलं होतं आणि येईल त्याला सांगत होते, “पोरगीने केलंय, मी हात लावलेला नाही.” मी तेव्हा वीस वर्षांचा, नुकताच शिवणकाम शिकायला लागलेला, आणि घरात माझं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. तुम्ही सगळे आत जेवायला बसला होता. मी दुकानातून उशिरा आलो. तुझे जेट धुऊनपुसून वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले. मी मोठा उचलून उजेडाकडे धरला. मला आत कण दिसल्यासारखा वाटला. कॉलरला सुई टोचलेलीच असायची. काढली, घातली, चांगली गोल गोल फिरवली. भोक लख्ख दिसायला लागलं. ताईने सोडलेली घाण आपण काढली, असं वाटून मी खूश झालो, आणि हात धुऊन जेवायला आलो. संध्याकाळी सांगून भाव खायचं ठरवलं होतं. संध्याकाळी विसरलो.

तिसऱ्या दिवशी मास्तर काळ्या धुरासकट दारात. बाबांनी तिथल्या तिथे जेट काढून बघितला. तीन गिऱ्हाइकं उभी होती. मीही होतो, गळ्यात टेप, दाराला टेकून.

“सुई घातलीस?”

“नाही बाबा. हवाच मारली.”

“मग भोक काय आपोआप वाढलं?”

“बाबा, खरंच हवाच मारली.”

“तुझ्या हाताला घाई आहे. जा, आत जा.”

तू माझ्याकडे बघितलंस. साक्ष मागायला नव्हे, नुसतंच, भाऊ उभा आहे म्हणून. मी मूग गिळून गप्प बसलो. बाबा ओरडत होते तेव्हा घाबरलो होतो, हे खरं आहे. पण बाबा दुसऱ्या दिवशी ओरडत नव्हते. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नव्हते. तेव्हाची माझ्याकडे सबब नाही.

पुढचं मी रोज बघत होतो. तू दोन महिने भांडलीस, हवाच मारली, हवाच मारली. मग भांडायची थांबलीस. आणि एके दिवशी कपडे वाळत घालताना मला म्हणालीस, “असेल रे, मीच घातली असेल. आता आठवत नाही.” त्या वेळी तरी मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “जाऊ दे गं.” त्यानंतर तुझ्या हातून कप निसटला की घाईचा हात, भाजी करपली की घाईचा हात. ‘घाईताई’ हे नाव कुणी पाडलं, आठवतंय? मीच. सगळे हसले, तूही हसलीस, आणि मला हायसं वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन होतं. पण हसण्यात ते खपून गेलं.

भावोजी एकदा सांगत होते, तू दुकानात गोळ्या तीन तीनदा मोजतेस आणि पाकीट बांधल्यावर पुन्हा सोडून बघतेस. ते गमतीने सांगत होते.

मी स्वतःची समजूत अशी घातली होती की एवढ्याशा सुईने काही होत नसतं. जेट मुळातच खराब असेल, मास्तरांनीच काही केलं असेल. शिंपी झालो, चांगला शिंपी झालो, तुझी जागा होती तिथे माझं यंत्र मांडलं, आणि ही समजूत जपून ठेवली. म्हणूनच मागच्या पत्रात तुला साळसूदपणे विचारलं, सुईने होतं का गं असं? तू नाही म्हणावंस म्हणून विचारलं होतं. ताई, तू हो म्हणालीस, चित्र काढून.

तरी मी तेवढ्यावर थांबलो नाही. नव्या जेटला रबरी नळी जोडली, वर नरसाळं, आणि खोकल्याच्या बाटलीने मोजून पाणी सोडलं. पावणेतीन मिनिटं लागली. बाजारातून आलेला सुईवाला जेट लावला. दोन मिनिटं दहा सेकंद. मग दुसरा नवा जेट विकत आणला, त्यात माझ्या हाताने सुई घातली, तेव्हा फिरवली होती तशीच फिरवली, आणि पाणी सोडलं. सव्वादोन मिनिटं.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी गाळली. पहिल्या दिवशी काळा धूर आला तेव्हा बाबा म्हणाले होते, “असा धूर त्या मास्तरांच्या गाडीला होता. पोरीचा हात चांगला होता रे, नुसती घाई नडली.” मी बाबांना प्लग दाखवत होतो. मी काही बोललो नाही. म्हणजे एकतीस वर्षांनंतरही, त्याच जागी, मी पुन्हा तेच केलं. फरक इतकाच की या वेळी आपण काय करतोय ते मला लख्ख कळत होतं.

म्हणून काल सकाळी बाबांना सांगितलं. तुला आधी लिहावं असं वाटत होतं, पण आधी तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, “बाबांना कशाला आता त्रास?” तू असं नक्की म्हणाली असतीस. तुझी भावजय शेजारी उभी होती, तिलाही तेव्हाच कळलं. बाबांच्या उजव्या कानात ओरडून सांगावं लागलं. असली गोष्ट हळू आवाजात सांगायची सोय नव्हती, पलीकडच्या घरातल्यांनीही ऐकली असेल. ऐकू दे.

बाबांना आधी पटेना. “तू? तू कधी हात लावलास?” मग मी तिन्ही जेट आणि भिंग त्यांच्या हातात दिलं, पाणी सोडून दाखवलं. घड्याळ त्यांनी स्वतः धरलं. तिसऱ्या वेळी बाटली रिकामी झाली तेव्हा त्यांनी विचारलं, “तेव्हा तुझं वय किती होतं?”

“वीस.”

“म्हणजे लहान होतास असंही म्हणता येत नाही,” ते म्हणाले, आणि काठी घेऊन आत गेले. जेवायला बोलावलं तर तुझ्या भावजयीला म्हणाले, “ती सांगत होती ना गं. दोन महिने सांगत होती.” ती तेव्हा या घरात आलेलीसुद्धा नव्हती, पण हो म्हणाली.

तुझी भावजय मला म्हणाली, “आता काही दिवस मला तुमच्याकडे बघवणार नाही.” मी म्हटलं, ठीक आहे. आज सकाळी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकलाही सांगितलं, कारण मागे कधीतरी त्यालाही मी हसत हसत घाईच्या हाताची गोष्ट सांगितली होती. ज्याला ज्याला ती सांगितली त्या सगळ्यांना आता ही सांगतोय. यादी मोठी आहे. पुढच्या महिन्यात मामेभावाकडे जाईन, तिथे बरेच जण एकदम सापडतील.

मला माफ कर, असं लिहून बघितलं. ते वाचताना, तुला आणखी एक काम सांगितल्यासारखं वाटलं, म्हणून खोडलं. तुला रागवायचं असेल तितकं रागव, फोन करायचा नसेल तर करू नकोस. मला फक्त एवढंच हवं आहे की उद्या दुकानात गोळ्या एकदाच मोजून बघ. एकदा. बरोबर निघतील.

गाडी आता सुरू आहे, आणि ती दुरुस्त केल्याचा अभिमान मला अजूनही वाटतो, हे लपवत नाही. फ्लोट, वाटी, गॅस्केट, सगळं माझ्या हाताने झालं. पण ज्या ज्या वेळी काय करावं ते कळेना, त्या त्या वेळी तेव्हा तू काय करत होतीस ते आठवून केलं. दाराला टेकून मी इतकी वर्षं तुझं काम बघितलं होतं. मला जे येतं ते तुझ्याकडून आलेलं आहे.

पत्र बंद करत होतो, तेवढ्यात बाबांनी ते मागितलं. पेनही मागितलं. मी म्हटलं, सांगा, मी लिहितो. म्हणाले, “तू नको.” अर्धा तास लागला. त्यांनी काय लिहिलंय ते मी वाचलं नाही, असं लिहिणार होतो, पण खोटं बोलणं आता पुरे. वाचलं.

तुझा,
धाकटा


तू हवाच मारली होतीस. माझं चुकलं.
बाबा